सोलापूरचा डॉक्टर, चीनच्या डोंगरातला मास्तर

सोलापूर म्हटलं की आपल्याकडे चादर आठवते. जुन्या पिढीतल्या सिनेमाच्या शौकिनांना आणखी एक गोष्ट आठवते, ती म्हणजे व्ही. शांताराम यांचा १९४६ सालचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’. चीनमध्ये जाऊन जखमी सैनिकांची सेवा करता करता मरण पावलेला डॉक्टर, एवढी ओळख त्या सिनेमामुळं घरोघर पोहोचली. पण द्वारकानाथ शांताराम कोटणीस हा माणूस आयुष्याच्या शेवटच्या दोन वर्षांत जितका सर्जन होता तितकाच मास्तरही होता. डोंगरातल्या खेड्यांत, शेतकऱ्यांच्या पोरांना त्यांच्याच भाषेत डॉक्टरी शिकवायचं काम तो करत होता. सिनेमात ही बाजू फारशी आली नाही. गावखेड्यातल्या वाचकाला मात्र तीच जवळची वाटावी.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. वडील गिरणीत नोकरीला. घर मध्यमवर्गीय, खाणारी तोंडं बरीच. अशा घरातला मुलगा मुंबईला गेला आणि शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाला. केईएम रुग्णालयाला जोडलेलं तेच हे कॉलेज. पुढचं शिक्षण घ्यायचं, मग कुठंतरी दवाखाना टाकायचा किंवा मोठ्या रुग्णालयात नोकरी धरायची, ही वाट समोर सरळ होती. घरच्यांचीही तीच अपेक्षा असणार. एवढ्या खर्चानं शिकवलेला मुलगा कमवायला लागायची वेळ आली होती.

तेवढ्यात चीनचं प्रकरण आलं. जुलै १९३७ मध्ये जपाननं चीनवर मोठी चढाई केली. शहरामागून शहर पडत गेलं. चीनचे सेनापती चु तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टरांची आणि औषधांची मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषबाबू. त्यांनी देशाला आवाहन केलं, निधी उभा राहिला, सुमारे २२ हजार रुपये जमले. आपणच गुलामीत असलेला देश दुसऱ्या देशाला डॉक्टर पाठवतो, हे त्या काळी लोकांना फार भावलं होतं. पाच डॉक्टरांचं पथक ठरलं. प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल, जे आधी स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आले होते. नागपूरचे डॉ. चोळकर वयानं ज्येष्ठ. कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी. आणि अजून अठ्ठावीसही पुरे न झालेले आपले कोटणीस.

जायचं ठरलं तेव्हा आईचा जीव तुटला, वडिलांनी मात्र पाठिंबा दिला असं सांगतात. १ सप्टेंबर १९३८ ला ‘राजपुताना’ या बोटीनं मंडळी मुंबईहून निघाली. तो काळ आपल्या मराठवाड्यातही धामधुमीचा होता. परतूर तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होतं. त्याच सप्टेंबरात निजाम सरकारनं स्टेट काँग्रेसवर बंदी घातली, ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला, नोव्हेंबरात औरंगाबादच्या विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हणण्यासाठी आंदोलन केलं. आपली पोरं इकडं निजामाच्या तुरुंगात जात होती आणि सोलापूरचा एक तरुण समुद्र ओलांडून दुसऱ्यांच्या लढाईत निघाला होता. दोघांचे मार्ग वेगळे, पण हवा एकच होती.

बोट हाँगकाँगला लागली. तिथून कँटन. कँटनला सन यत्सेन यांच्या पत्नी सुंग चिंग लिंग स्वतः स्वागताला होत्या. पुढं वुहान, मग यांगत्सी नदीवरचं यिचांग, मग चुंगकिंग. हा प्रवास सहलीचा नव्हता. मागून जपानी फौज येत होती, वरून बाँब पडत होते. कँटन आणि वुहान ही दोन्ही शहरं त्याच ऑक्टोबर महिन्यात पडली. पथक पुढं सरकत राहिलं आणि जाईल तिथं जखमींवर उपचार करत राहिलं.

चुंगकिंगला असताना कोटणीसांना घरून बातमी आली. वडील गेले होते. सोलापुरात आई, भाऊ, बहिणी. परत जायला सबळ कारण होतं आणि कुणी नावंही ठेवली नसती. सोबतच्या डॉक्टरांनीही घरी जा असंच सुचवलं म्हणतात. कोटणीस गेले नाहीत. घेतलेलं काम पुरं करायचं ठरवलं. हा निर्णय बरोबर की चूक, हे तिऱ्हाइतानं ठरवू नये. त्या घरानं त्याची किंमत मोजली एवढं खरं. आपल्याकडं देशासाठी गेलेल्या माणसाच्या नावानं चौक होतात, पण मागं राहिलेल्या आईनं ते दिवस कसे काढले हे कुणी लिहून ठेवत नाही.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचलं. कम्युनिस्टांचं हे मुख्य ठाणं. पिवळ्या मातीच्या टेकड्यांत गुहा खोदून माणसं राहत, दवाखाने आणि शाळाही त्या गुहांतच. पाचही डॉक्टरांना चिनी नावं मिळाली, प्रत्येकाच्या नावाशेवटी हुआ, म्हणजे चीन. कोटणीसांचं नाव झालं को ती हुआ. वर्षभराचं काम म्हणून आलेल्या या पथकातले चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्येच परतले. एकाचं वय झालेलं, दुसऱ्याची तब्येत बिघडलेली. उरलेले तिघं त्या वर्षाच्या नोव्हेंबरात आघाडीकडं निघाले. तैहांग डोंगररांगांकडं जायचं तर जपानी चौक्यांच्या मधून, रात्रीच्या अंधारात, कधी घोड्यावर आणि पुष्कळदा पायी. पुढं अटलही आजारामुळं १९४० मध्ये भारतात परतले. राहिले बसू आणि कोटणीस.

त्या भागात त्यांच्या आधी एक विदेशी डॉक्टर होऊन गेला होता. कॅनडाचे नॉर्मन बेथ्यून. शस्त्रक्रिया करताना बोटाला जखम झाली, ती चिघळली आणि विष रक्तात भिनून १२ नोव्हेंबर १९३९ ला ते गेले. त्यांच्या नावानं तिथं आरोग्य शाळा आणि रुग्णालय चाललं होतं. जून १९४० मध्ये बेथ्यून यांच्या समाधीचा समारंभ झाला त्याला कोटणीस हजर होते. त्या गर्दीत त्याच शाळेत नर्सिंग शिकवणारी एक तरुणी होती, गुओ चिंगलान. दोघांची पहिली गाठ तिथली.

१९४० च्या उत्तरार्धात चिनी सैन्यानं जपान्यांवर मोठी मोहीम काढली. शंभर पलटणींची मोहीम असं तिचं नाव. बसू आणि कोटणीस वेगवेगळ्या आघाड्यांवर गेले. एका लांबलेल्या लढाईत कोटणीसांनी बहात्तर तास झोप न घेता शस्त्रक्रिया केल्या आणि आठशेवर जखमींवर उपचार केले, असं सांगितलं जातं. कुठं शेतकऱ्याच्या ओसरीत, कुठं देवळात, दारं काढून त्यांचं टेबल करायचं. तोफेचा आवाज जवळ आला की जखमी उचलून पुढच्या गावी. जखमी उचलायला गावकरीच असत. हे सैन्य गावांच्या जिवावर टिकलेलं होतं आणि रुग्णालयही गावातच पसरलेलं असे. एका घरात दोन जखमी, दुसऱ्यात तीन. डॉक्टरची फेरी म्हणजे गावभर हिंडणं. जपान्यांनी नाकेबंदी केलेली, त्यामुळं औषधांची कायम टंचाई. एकदा वापरलेलं बँडेज धुऊन, उकळून पुन्हा वापरायचं.

बसू पुढं येनानला गेले. जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांना बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचं संचालक नेमलं गेलं. तेव्हा त्यांचं वय तीस. आसपास आपल्या देशाचा एक माणूस नाही. पत्र घरी पोहोचायला महिनोन् महिने लागत, पोहोचेलच याची खात्रीही नाही. इथून पुढं त्यांच्यातला शिक्षक उभा राहिला.

शाळेतली पोरं कोण होती? बरीचशी शेतकऱ्यांची. कुणाची चार इयत्ता झालेली, कुणाची तेवढीही नाही. त्यांना थोड्या महिन्यांत असं तयार करायचं की ती रक्त थांबवतील, जखम साफ करतील, मोडलेलं हाड बांधतील, वेळ पडली तर पाय कापतील. मेडिकल कॉलेजात पाच वर्षं इंग्रजी पुस्तकं वाचून शिकलेल्या माणसाला हे शिकवायचं म्हणजे सगळं ज्ञान पुन्हा उकलून मांडायचं. त्यात भाषा परकी. दुभाषा घेऊन शिकवता आलं असतं. पण दुभाष्याला शरीराची नावं येत नाहीत आणि विद्यार्थ्याची शंका मास्तरपर्यंत नीट पोहोचत नाही. कोटणीसांनी चिनी भाषा शिकायला घेतली. नुसती बोलण्यापुरती नाही. चिनी लिपीला आपल्यासारखी बाराखडी नाही, शब्दागणिक वेगळी आकृती पाठ करावी लागते. ते वाचायला शिकले, लिहायला शिकले, वर्गात चिनीतून बोलायला लागले. पुढं तर चिनीतून शस्त्रक्रियेचं पुस्तक लिहिलं. शस्त्रक्रियेची सर्वसाधारण ओळख करून देणारं हे पहिलं पुस्तक पुरं झालं. दुसरं, एकेका अवयवाच्या शस्त्रक्रियेचं, त्यांनी हाती घेतलं होतं.

इथं थोडं थांबायला हवं. त्याच काळात आपण ज्या राज्यात होतो, त्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात डॉक्टरी उर्दूतून शिकवली जात होती. परतूरच्या शेतकऱ्याची भाषा मराठी, म्हणजे त्याच्या पोराला ती इंग्रजीइतकीच परकी. इंग्रजी मुलखात तर एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मराठीतून वर्ग चालत, मराठीत वैद्यकाची पुस्तकं निघत. ते पुढं बंद पडलं. मध्य प्रदेशानं २०२२ मध्ये एमबीबीएसची पुस्तकं हिंदीत काढली तेव्हा केवढी चर्चा झाली. मातृभाषेतून डॉक्टरी शिकवता येते का, हा वाद आपण अजून घालतो आहोत. सोलापूरच्या या पोरानं १९४१ साली, तोफा चालू असताना, परक्या भाषेत जाऊन त्याचं उत्तर देऊन टाकलं होतं. शिकणाऱ्यानं मास्तरची भाषा शिकायची, हा जगाचा रिवाज. इथं मास्तरनं शिकणाऱ्याची भाषा शिकली.

शाळा एका जागी नसे. जपानी फौजा डोंगर झाडायला निघाल्या की पुस्तकं, हत्यारं, जखमी सगळं घेऊन वरच्या खोऱ्यात जायचं आणि तिथं पुन्हा वर्ग भरवायचा. फळा झाडाला टेकवायचा, विद्यार्थी दगडावर बसायचे. संचालक असूनही कोटणीस त्यांच्याबरोबरच जेवत. खाणं त्या भागातलं, बाजरीच्या जातीचं धान्य आणि भाजीपाला. भाकरीवर वाढलेल्या सोलापूरच्या माणसाला ते धान्य अगदीच अनोळखी वाटलं नसेल. तिथले लोक त्यांना आपुलकीनं हेई मामा म्हणत, म्हणजे शब्दशः काळी आई. रंग सावळा म्हणून काळी आणि जखमींची काळजी आईसारखी घेतो म्हणून आई. आपल्या भागातला शेतकरी काळी आई कशाला म्हणतो हे वेगळं सांगायला नको. चिनी गावकऱ्यांना ते माहीत असायचं कारण नव्हतं, पण नाव तेच निघालं.

आता गुओ चिंगलानविषयी. शान्सी प्रांतातली मुलगी, पेकिंगच्या रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घेतलेली. जपान्यांनी शहरं घेतल्यावर चांगली नोकरी सोडून ती डोंगरात आली आणि बेथ्यून शाळेत नर्सिंग शिकवायला लागली. म्हणजे दोघंही शिक्षक. ती त्यांच्यासाठी लोकरीचा स्वेटर विणायची आणि तो चिनी शिकताना तिच्याकडून शब्द दुरुस्त करून घ्यायचा, अशी ती ओळख वाढत गेली. नोव्हेंबर १९४१ मध्ये लग्न झालं. ना मांडव ना वाजंत्री, सहकाऱ्यांच्या साक्षीनं साधा समारंभ. सोलापुरात आईला सून आली हे कळायलाही कितीतरी काळ गेला असेल. पत्रिका, मानपान, जातपात यांतलं काही आडवं आलं नाही, कारण आडवं यायला तिथं कुणी नव्हतंच.

संसार म्हणजे शेतकऱ्याच्या घरातली एक खोली. सकाळी दोघंही वर्गावर, मग रुग्णालय, रात्री दिव्याच्या उजेडात त्यांचं पुस्तक लिहिणं. २३ ऑगस्ट १९४२ ला मुलगा झाला. नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. त्या भागाचे सेनापती नि रोंगचेन यांनी हे नाव सुचवलं. त्याच वर्षी जुलैत कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले होते.

पण तब्येत ढासळत चालली होती. त्यांना फेफरं येत असे. शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी उभं राहणाऱ्या माणसाला फिट येणं म्हणजे काय, हे त्यांनाच सगळ्यात चांगलं कळत होतं. उपचारासाठी आघाडी सोडून मागं जा, असं वरिष्ठांनी सुचवलं. ते गेले नाहीत. चुंगकिंगला वडिलांच्या बातमीनंतर केलं तेच पुन्हा केलं. फरक एवढाच की आता मागं तान्हं मूल आणि बायको होती. फेफऱ्यावरचं औषध जगात १९१२ पासून मिळत होतं. आज आपल्याकडं सरकारी दवाखान्यात ती गोळी मिळते, तरी काही घरांत अजून कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात. नाकेबंदीतल्या त्या डोंगरात साधं औषधही शत्रूच्या चौक्या चुकवून आणावं लागे.

८ डिसेंबर १९४२ च्या संध्याकाळी ते दुसऱ्या पुस्तकाच्या लिखाणाला बसले होते. झटका आला. मग एकामागून एक येत राहिले. सहकारी डॉक्टर आणि गुओ रात्रभर उशाशी होते. ९ डिसेंबरला पहाटे, हपे प्रांतातल्या तांग तालुक्यात, गेगोंग नावाच्या खेड्यात त्यांनी प्राण सोडला. वय बत्तीस. लग्नाला एक वर्ष आणि थोडे दिवस. मुलगा साडेतीन महिन्यांचा. पुस्तक अर्धं राहिलं. माओंनी शोकसंदेश लिहिला, गावकरी आणि विद्यार्थी अंत्ययात्रेला लोटले. सोलापूरला बातमी पोहोचली ती फार उशिरा.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ मध्ये त्यांच्यावर इंग्रजी पुस्तक लिहिलं आणि त्यावरून शांतारामबापूंचा सिनेमा आला. नायक स्वतः शांताराम, चिनी नायिका जयश्रीबाई. सिनेमाच्या शेवटी विधवा सून बाळाला घेऊन सोलापूरच्या घरी येते आणि प्रेक्षागृहात बायाबापड्या डोळ्याला पदर लावतात. प्रत्यक्षात तसं घडलं नाही. चीनमध्ये युद्ध चालूच होतं, नंतर यादवी. गुओ मुलाला घेऊन तिथंच राहिल्या. पुढं दुसरं लग्न केलं, संसार केला, आरोग्याच्या क्षेत्रात काम करत राहिल्या. भारतात त्या आल्या, पण कितीतरी वर्षांनी, आणि मग अनेकदा. मधे १९६२ चं युद्ध झालं. ज्या दोन देशांची नावं जोडून मुलाचं नाव ठेवलं होतं, त्या देशांच्या फौजा एकमेकांवर गोळ्या झाडत होत्या. त्या काळात यिनहुआ नावाचा मुलगा चीनमध्ये वाढवणं या बाईला कसं गेलं असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

यिनहुआनं बापाचाच मार्ग धरला होता. वैद्यकीय शिक्षण संपत आलं होतं. १९६७ मध्ये, पंचविशी गाठायच्या आत, तोही गेला. नवऱ्याला आणि मग त्याच्या एकुलत्या मुलाला पुरून ही बाई आणखी पंचेचाळीस वर्षं जगली. म्हातारपणी तिनं नवऱ्याबरोबरच्या त्या थोड्या दिवसांच्या आठवणी लिहिल्या. २०१२ च्या जूनमध्ये, शहाण्णवाव्या वर्षी, तालियन शहरात तिनं डोळे मिटले. लग्नाला तोवर सत्तर वर्षं होऊन गेली होती.

बसू १९४३ मध्ये भारतात परतले. पुढं पुन्हा चीनला जाऊन सुया टोचून उपचार करायची ॲक्युपंक्चरची विद्या शिकून आले आणि कलकत्त्यात त्यांनी ती रुजवली. म्हणजे शिकवायला गेलेल्या पथकानं येताना काही शिकूनही आणलं.

शिच्याच्वांग या शहरात हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत बेथ्यून आणि कोटणीस यांच्या समाध्या आहेत. चीननं १९८२ मध्ये कोटणीसांचं तिकीट काढलं, आपल्या टपाल खात्यानं १९९३ मध्ये. चीनचे मोठे नेते भारतात आले की कोटणीसांच्या घरच्यांना आवर्जून भेटत. त्या शहरात को ती हुआ यांच्या नावानं वैद्यकीय शिक्षणाची शाळा निघाली आणि तिथल्या विद्यार्थ्यांना त्यांच्या पुतळ्यासमोर उभं राहून रुग्णसेवेची शपथ घ्यावी लागते. म्हणजे मास्तर म्हणून त्यांची आठवण तिकडं राहिली. आपल्याकडं मात्र कोटणीस म्हणजे सिनेमा.

सोलापुरात भैय्या चौकाजवळ कोटणीसांचं जुनं घर आहे. महापालिकेनं तिथं स्मारक केलं असून ते २०१२ च्या जानेवारीत खुलं झालं. लग्नकार्याला, बाजाराला किंवा सिद्धेश्वराच्या यात्रेला आपल्या भागातली माणसं सोलापूरला जातातच. तासभर काढून तिकडं जाऊन यावं. डॉक्टरकीचा किंवा नर्सिंगचा अर्ज भरलेली पोरं-पोरी घरात असतील तर त्यांनाही सोबत न्यावं.